भूक किती, घाई किती

एकादशीच्या संध्याकाळी दुबईतल्या मेक्सिकन हॉटेलात, टेबलाखाली डबा उघडून साबुदाण्याची खिचडी खाणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. पाहिली असती तरी ओळख दाखवली नसती. ती बाई म्हणजे मी. तेव्हा मी अवघी पासष्ट वर्षांची होते. वयच तसलं, अंगात मस्ती भरपूर आणि अक्कल यायला अजून अवकाश होता.

सुनेचा वाढदिवस होता. मुलाने आम्ही राहतो त्या जुमेरा लेक टॉवर्समध्येच, तळ्याच्या पलीकडच्या टॉवरखालचं एक छोटं हॉटेल ठरवलं होतं. "आई, तिथे मेन्यूच नाहीये," हे तो असं सांगत होता, जणू त्यानेच काढून टाकलाय. मी मनात म्हटलं, मेन्यू नाही म्हणजे भाव नाही, आणि भाव नसला तर मी दिरहमचे रुपये करायचे तरी कशाचे? त्यातून एकादशी. सांगितलं असतं तर त्यांनी बेत पुढे ढकलला असता. पण मला तेव्हा त्यागमूर्ती व्हायची भारी हौस होती. 'तुम्ही जेवा, मी नुसती बसते' हे वाक्य मी घरूनच घोकून आले होते. आणि त्यागमूर्तीला भूक लागते, म्हणून पर्समध्ये डबाही आणला होता.

हॉटेल म्हणजे सातआठ टेबलं आणि टोकाला उघडं स्वयंपाकघर. तिथून एक ठेंगणा, गोलसर माणूस खांद्यावर पंचा टाकून आला. गळ्यात बारीक क्रूस. त्याने दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर ठेवले, टेबल काहीतरी कानात सांगणार असल्यासारखा वाकला, नाकाने एक लांब श्वास घेतला आणि विचारलं, "भूक किती? घाई किती?"

मराठीत. आमची कुजबुज त्याने येता येता ऐकली होती. "मी वसईचा," तो म्हणाला. "घरी आमची बोली, पण शाळा मराठी."

हे दोनच प्रश्न तो प्रत्येक टेबलाला विचारायचा. अरबाला अरबीत, केरळच्या माणसाला हिंदीत, गोऱ्याला इंग्रजीत. उत्तर ऐकायचा, माणसाकडे पाहायचा आणि आत जाऊन त्याच्या मनाला येईल ते करून आणायचा. जे येईल ते खायचं. नाही आवडलं तर तो ताट उचलून दुसरं आणायचा, पण "काय काय मिळेल?" असं विचारलंत तर म्हणायचा, "ते मलाही अजून माहीत नाही."

माझी पाळी आली. मी म्हणाले, "भूक अजिबात नाही. घाई भरपूर."

"हे उत्तर पहिल्यांदाच आलं," असं म्हणून तो गेला.

मग एकेक पदार्थ यायला लागला. मक्याच्या पानात बांधलेलं काहीतरी वाफाळतं. आत चीज भरलेली भोपळ्याची फुलं, ज्यांची आमच्याकडे भजी करतात. काळ्या मातीच्या वाडग्यात आंबटसर रस्सा. मुलगा-सून बोटं चाटत होती आणि मी त्यागमूर्तीचं हसू तोंडावर धरून बसले होते. शेवटी राहवेना. पर्स मांडीवर घेतली, डब्याचं झाकण सोडवलं, टेबलक्लॉथखाली हात घातला आणि पहिला घास तोंडात टाकला.

तिकडे टोकाला तो तव्यासमोर उभा होता. त्याने मान वर केली. कुत्रं करतं तशी. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतेय. मी वाढवून सांगते खरी, पण हे नाही. तो टेबलांच्या मधून, वाटेत थांबत, थेट आमच्याकडे आला.

"माझ्या किचनमध्ये आज जिरं नाही," तो म्हणाला. "तूप तर कधीच नसतं. काकू, पाय जरा बाजूला घ्या."

"ओ माय गॉड, आजी," आमची नात म्हणाली. तेव्हा ती फार तर दहाची असेल, पण लाज वाटायला वयाची अट नसते.

तो खाली वाकला. मी मुकाट्याने डबा वर काढला. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने बाजूचा स्वच्छ चमचा उचलून विचारलं, "एक घास देता?" खाल्ला. डोळे मिटले. "खिचडी दुपारची. कूट भरड ठेवलंय, बरं केलंत. लिंबू मात्र घाईत पिळलंय, बी पडलीय." मग डोळे उघडून म्हणाला, "एकादशी असं आधी का नाही सांगितलं? शाळेत माझ्या शेजारचा मुलगा एकादशीला असाच बाकाखाली डबा उघडायचा. मी त्याच्या वासावर गणिताचे तास काढलेत."

"उपासाला काय काय चालतं?" त्याने विचारलं. मी सांगत गेले: रताळं, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा, हिरवी मिरची. तो हसायला लागला.

"काकू, हे सगळं तर समुद्रापलीकडून, तिकडून आलेलं. तुमचे देव उपास करायला मेक्सिकोला जातात की काय?"

"देव कुठेही जातील," मी म्हणाले. "तू आण."

त्याने निखाऱ्यावर भाजलेलं रताळं आणलं, वर वाटलेली हिरवी मिरची आणि लिंबू. शेवटी राजगिऱ्याची वडी, शेंगदाणे घातलेली, हुबेहूब आपली. "तिकडे हिला 'आनंद' म्हणतात," तो म्हणाला. मी सुनेचा वाढदिवस विसरून चार वड्या खाल्ल्या. त्यागमूर्तीचं विसर्जन तिथेच झालं.

त्या दिवसापासून एकादशीला कोपऱ्यातलं टेबल माझं झालं. मी साताऱ्याची. पोस्टाच्या काउंटरवर जन्म गेला, त्यामुळे माणसं न्याहाळायची सवय. आणि हा माणूस न्याहाळण्यासारखा होता.

एकदा एक बडा साहेब पाहुणे घेऊन आला आणि म्हणाला, मागच्या वेळचंच सगळं परत आण. हा म्हणाला, "सर, ती भूक मागच्या वेळची होती. आजची काय ते सांगा." साहेब चिडला. ह्याने त्याला साधं बीन्सचं वरण आणि गरम भाकरी दिली. भाकरीच म्हणते मी. मक्याची, हातावर थापलेली, ते काही का म्हणेनात. साहेबाने तीन वेळा मागून घेतली. चौथ्यांदा मागितली तेव्हा हा आतूनच ओरडला, "खलास, हबीबी."

हे सगळं तो एका म्हातारीकडून शिकला होता. तरुणपणी तो जहाजावर स्वयंपाकी होता. एकदा मेक्सिकोच्या बंदरात उतरला, सुट्टीत डोंगराकडच्या एका गावात गेला, तिथल्या एका खानावळीत जेवला आणि जहाजावर परत गेलाच नाही. खानावळ चालवणारी बाई बाजारात जे मिळेल ते रांधायची आणि समोरच्याचं तोंड बघून वाढायची. तिच्या हाताखाली तो काही वर्षं राहिला. "ती कधी छान म्हणत नाही," तो सांगायचा. "आवडलं तर ताट पुसून खाते. नाही आवडलं तर चमचा खाली ठेवते. तिने चमचा ठेवला की मी दोन दिवस जेवायचो नाही."

तिला त्याने एक कबूल केलं होतं. स्वतःची जागा झाली की तिला तिथे बसवून तिचाच मोले खाऊ घालायचा. मोले म्हणजे त्यांचं वाटण: निरनिराळ्या सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, बदाम, लवंग, दालचिनी, करपवलेला टोमॅटो, शेवटी कडू चॉकलेट. आपला काळा मसाला परदेशात जाऊन शिकून आला तर जसा दिसेल तसं.

मग ती साथ आली. सगळ्यांबरोबर त्यालाही ताप आला. साथ ओसरली, हॉटेलं भरायला लागली, एकादश्या पुन्हा सुरू झाल्या. तो तसाच टेबलावर वाकायचा आणि तेच प्रश्न विचारायचा. मधला श्वास मात्र घेईनासा झाला होता. माझ्या ते लक्षात आलं, पण अर्थ कळला नाही.

कळला तो वडीमुळे. एका एकादशीला मी राजगिऱ्याची वडी तोंडात घातली आणि लगेच रुमालात काढली.

"अरे, दाणे खवट झालेत," मी म्हणाले.

खवट दाणे कळायला काही विद्या लागत नाही. साताऱ्यात शाळेतल्या पोराला कळतं. त्याने ताटलीतला एक दाणा उचलून चावला. सावकाश चावला. मग माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसला. टेबलाशी बसलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

"खरंच खवट?"

"खरंच."

"मला कळत नाहीये, काकू. खारट, गोड, आंबट कळतं. मिरची झोंबते, पण कुठली ते कळत नाही. वास गेला तो आलाच नाही." मग म्हणाला, "आणि ती येतेय."

कोण ते विचारायची गरज नव्हती. म्हातारीच्या नातवाला अबूधाबीत नोकरी लागली होती, तो तिला आणणार होता. आल्यावर ती ह्याच्याकडे जेवणार होती.

"तिला सांगून टाक," मी म्हणाले.

"काय सांगू? तुझं सगळं शिकलो आणि हरवून बसलो? ती मोले खाईल. तिने चमचा ठेवला तर मी ही जागा बंद करणार. ज्याला वास येत नाही त्याने लोकांना मेन्यू द्यावा. माझ्याकडे तोही नाही."

मी जराही विचार न करता म्हणाले, "नाक माझं, जीभ तुझी." विचार करून मी आयुष्यात फारसं काही बोललेलीच नाही.

मग मी रोज चार वाजता, हॉटेल उघडायच्या आधी, तळ्याला वळसा घालून जायला लागले. सुनेला सांगितलं, वॉकला जाते. तो एकेक मिरची भाजून माझ्या नाकाशी धरायचा.

"ही?"

"गच्चीवर वाळत घातलेल्या मनुका."

"बरोबर. ही?"

"चुलीत भाजलेलं वांगं."

"ही?"

"पावसात भिजलेलं पार्सल."

"म्हणजे बुरशी. टाका."

माझ्या नाकात पोस्ट आणि सातारा ह्यापलीकडे काही नव्हतं, पण त्याला तेवढं पुरायचं. मी 'मनुका' म्हटलं की त्याचे हात चालायला लागायचे. वाटण माझ्यासाठी तो पाण्यात करायचा, कोंबडीचा रस्सा शेवटी. "रस्सा घातल्यावर तुम्ही चाखू नका," तो मला बजावायचा, जणू मी टपून बसले होते. त्यानंतर मी नुसतं हुंगायचे आणि तो मीठ बघायचा. एकदा म्हणाला, "काकू, आपण दोघं मिळून एक स्वयंपाकी आहोत."

"आणि दोन पोटं," मी म्हणाले.

ती यायची होती त्या दुपारी मोले शिजत होता. मी हुंगला. छान होता. पण मला काहीतरी उणं वाटत होतं. आता काय उणं असणार? माझ्या नाकाला मसाला म्हणजे गोडा मसाला, आणि गोड्या मसाल्यात दगडफूल असतं. खसखस ह्या देशात आणता येत नाही, नाहीतर मी तीही घेऊन हिंडले असते. दगडफुलाची पुडी मात्र माझ्या पर्समध्ये होती. का होती ते विचारू नका. बाईच्या पर्समध्ये काही का असेना.

तो फोन घ्यायला बाहेर गेला. मी चिमूटभर दगडफूल तव्यावर परतलं, बोटांनी चुरलं आणि टाकलं.

सुधारणा करायची खोड होती, हे खरंच. पण दुसरंही एक खरं आहे. मला वाटत होतं, तो आत येईल, मान वर करेल आणि म्हणेल, "काकू, पर्स उघडा." मी पातेल्यासमोर तशीच उभी राहिले. स्वयंपाकघरभर तो वास पसरला होता.

तो आत आला. पातेल्यावर वाकला, ढवळलं, चमचाभर चाखलं.

"मीठ ठीक. वास बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर," मी म्हणाले.

म्हातारी आली ती नातवाचा हात झिडकारत. माझ्याएवढीच उंची, पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या, पायात रबरी चपला. मी माझ्या कोपऱ्यात बसले. त्याने तळवे टेबलाच्या कडेवर ठेवले, वाकला आणि तिच्या भाषेत ते दोन प्रश्न विचारले. तिने त्याच्या हातावर चापट मारली. एवढंच उत्तर.

मोले आला. तिने चमचा बुडवून तोंडात घातला आणि थांबली. तो उभा होता तिथेच उभा होता. पंचा दोन्ही हातांत पिळून धरलेला. तिने पुन्हा एक चमचा घेतला. मग भाकरी मोडली आणि खायला लागली, घाई न करता, कुणाशी न बोलता. शेवटी तुकड्याने ताट पुसलं, लख्ख. मी देवाचे आभार मानले; एकादशी नसूनही.

मग ती काहीतरी बोलली. त्याने तिथूनच मला मराठीत सांगितलं, "म्हणते, ह्यात पावसानंतरच्या दगडाचा वास आहे. कुणी आणला?"

सांगता सांगता तो अडखळला. तो वास त्याला माहीतच नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पर्सकडे पाहिलं.

म्हातारी आम्हा दोघांकडे बघत होती. तिने त्याला काहीतरी विचारलं. ते त्याने मला सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. तो मान खाली घालून उभा राहिला. तिने हात वर केला, त्याचं नाक दोन बोटांत धरलं, शेंबड्या पोराचं धरतात तसं, आणि सोडलंच नाही. बोलत राहिली. तो रडत होता का, ते मी पाहिलं नाही. मी दुसरीकडे बघत होते. पोस्टात ती सवय लागते.

बऱ्याच वेळाने ती माझ्या टेबलाशी आली आणि तिने हात पुढे केला. मी पुडी दिली. तिने हुंगली आणि सरळ आपल्या पिशवीत टाकली.

"काय म्हणाली?" मी नंतर त्याला विचारलं.

"म्हणाली, मोले चांगला आहे. पण तो माझाही नाही, तिचाही नाही, त्या कोपऱ्यातल्या बाईचा आहे." मग तो हसला. "आणि म्हणाली, नाक हरवलं तर जिथे सापडलं होतं तिथे जाऊन शोधायचं. घरी चल."

"मग?"

"तिने चमचा ठेवला नाही, काकू. म्हणजे बंद करायची जरूर नाही. पण बंद तर करावंच लागेल."

"मी तुझं वाटोळं केलं," मी म्हणाले.

"केलंत," तो म्हणाला आणि मला राजगिऱ्याच्या वड्यांची अख्खी बरणी दिली.

तो गेला. आता त्या जागेत कुत्र्यांचे केस कापतात. मी तळ्याला वळसा घालायचं सोडलेलं नाही, काचेतून पाहते. एक पांढरं पूडल टेबलावर उभं असतं, बरोब्बर माझ्या कोपऱ्यात, आणि त्याच्याही तोंडावर त्यागमूर्तीचा भाव असतो.

त्याचा निरोप अधूनमधून यायचा. डोंगर छान आहेत, म्हातारी शिव्या देते, खूप पाऊस पडला. नाकाबद्दल तो लिहीत नसे आणि मी विचारत नसे. एक वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. मला वाटायला लागलं, आता ते राहिलंच.

परवा नात फोन घेऊन आली. आता ती कॉलेजात जाते. "आजी, वॉइस नोट फॉर यू. युअर शेफ," म्हणाली आणि फोन माझ्या कानाशी धरला. मागे कोंबडा आरवत होता, भांडी वाजत होती आणि कुणीतरी म्हातारी बाई कुणालातरी झापत होती. मग त्याचा आवाज आला:

"काकू, आज सकाळी मी अंगणात लाकडं फोडत होतो. आत म्हातारीने जिरं भाजायला टाकलं. मी कुऱ्हाड खाली ठेवली, आत धावलो आणि आधी टेबलाखाली वाकून बघितलं, तुम्ही बसलाय का."